मे महिन्यात तगलेली गाय मिरगाच्या पावसानंतर का धापते?

प्रश्न (आर्वी तालुका, जि. वर्धा)
नमस्कार मंडळी. एक होल्स्टिन संकरित गाय अन् एक गौळाऊ जातीची बैलजोडी आहे. कोठा टिनाचा, तीन बाजूंनी पोती बांधलेली. नवतपात (मे अखेरच्या नऊ कडक दिवसांत) पारा 45 वर होता. दुपारी पोत्यांवर पाणी मारायचो, गाय निवांत रवंथ करायची. परवा मिरगाचा पाऊस आला, पारा 38 वर उतरला. आता सुटलो असं वाटलं, तर गाय तोंड उघडून धापते, लाळ गाळते, कुटाराला तोंड लावत नाही. सकाळचं दूध 6 लिटरवरून 4 वर आलं. बैल मात्र शेजारीच आरामात आहेत. ऊन कमी झालं तरी असं का?

उत्तर 1 (हिंगणघाट)
भाऊ, पहिले ते पोते सोडा. आजच.

मागच्या साली माह्या कोठ्यात हेच झालं. जर्सी गाय होती, मले समजेपर्यंत तिनं चारा सोडला होता. मे महिन्यात हवा कोरडी असते, पोत्यातलं पाणी उडते अन् थंडावा देते. पाऊस पडला का हवेतच पाणी. पोतं वाळत नाही, गाईचा घाम वाळत नाही, वरून वारा बी अडते. घरचा कूलर जूनमधी काम करते का? तसंच हाय.

सावली पाह्यजेच, पण मोकळी. टिनावर कपाशीची पऱ्हाटी नाहीतर तुराट्यांचा जाड थर टाका, टिनाची धग खाली उतरत नाही. अंगावर पाणी टाकलं तर लगेच पंखा लावा. कुटार पहाटे अन् रात्री द्या. पचनाची बी गरमी असते.

उत्तर 2
तापमान-आर्द्रता निर्देशांक, म्हणजे गरमी अन् दमटपणा मिळून जनावराला किती ताण होतो तो आकडा, काढून पाहा. 45 अंश अन् 15 टक्के आर्द्रता धरली तर तो 87 च्या आसपास येतो. 38 अंश अन् 60 टक्के धरली तर 91. दुधाळ संकरित गाईला 72 पासूनच ताण सुरू होतो. गौळाऊ जात इथलीच, तिची कातडी सैल, घाम जास्त, म्हणून बैल तगतात. गाईची कूस पाहून मिनिटाचे श्वास मोजा. 80 च्या वर असतील तर डॉक्टरांना बोलवा.

प्रश्नकर्ता
काल दुपारी मोजले तेव्हा 88 होते. डॉक्टर येऊन पाहून गेले. रात्रीच पोती काढली, पश्चिमेचं तेवढं ठेवलं, तिकडून उतरतं ऊन थेट गाईवर येतं. आज 62. दिवसभर कडुनिंबाखाली बांधू का?

उत्तर 1
बांधा, पण आभाळ भरून आलं का सोडून आणा. मिरगात झाडाखाली विजेनं ढोरं जातात. पाण्याचं टाकं बी त्याच सावलीत ठेवा.