मदत हवी आहे: हॅझर्ड, रिस्क, डिझास्टरला सोपे मराठी शब्द

नमस्कार मंडळी. शिरोळ तालुक्यातल्या आमच्या गावात बचत गटाच्या बायकांसाठी पुराच्या तयारीचं दोन पानी टिपण करतोय. गाडी शब्दांवरच अडली आहे.

हॅझर्डला मी 'धोका' लिहिलं. रिस्कलाही 'धोका'च आलं. त्यात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे इथल्या पोरासोरांनाही पाठ. म्हणजे तिसरा धोका! वाचून दाखवलं तर एक काकू म्हणाल्या, "अरे, धोका म्हणजे पाणी, की पाणी घरात शिरणं?" प्रश्न अगदी बरोबर होता.

मला समजलेलं असं: नदीला पूर येणं हा हॅझर्ड. नदीकाठचं मातीचं घर, घरात अंथरुणाला खिळलेली आजी, ही व्हल्नरेबिलिटी. दोन्ही मिळून नुकसान होण्याची शक्यता ती रिस्क. आणि गावाच्या आवाक्याबाहेर गेलं की डिझास्टर, २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरासारखं. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यातही बाधित समाजाच्या क्षमतेपलीकडचं संकट हाच मुद्दा आहे.

रिस्कला 'जोखीम' चालेल, पण व्हल्नरेबिलिटीला 'असुरक्षितता' मला पटत नाही. 'भेद्यता' तर कुणी बोलतच नाही. 'कच्चा दुवा' कसं वाटतं? आणि इमर्जन्सी व डिझास्टर वेगळे कसे सांगता? प्रशिक्षण घेतलेल्या कुणी गावात वापरलेले शब्द सांगा. सरकारी परिपत्रकातले नकोत, ते आहेत माझ्याकडे.