इंग्रजी वाक्प्रचारांनी कधी घोळ घातलाय का? अनुभव सांगा

काल लेकीच्या वहीत ‘पुलिंग माय लेग’ दिसलं आणि बेळगावच्या उद्यमबागेतले दिवस आठवले. फाउंड्रीत लागून महिनाच झालेला. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, मोल्डमध्ये कोर उलटा बसवलास. माझे हातपाय गळाले. मग हसून म्हणाले, ‘आय वॉज जस्ट पुलिंग युवर लेग.’ शब्द सगळे कळले, तिथंच घात झाला. आपल्यात पाय ओढणारा म्हणजे वर चढणाऱ्याला खाली खेचणारा. साहेब तोंडावर सांगतायत, तुला वर येऊ देणार नाही! दुपारी डबा उघडला नाही. भाकरी तशीच घरी. आईनं विचारलं, कुणाशी भांडलास?

तिसऱ्या दिवशी गोकाकच्या दोस्तानं उलगडा केला. ‘चेष्टा केली रे. आमच्या कन्नडात पण कालु एळ्यूदु, म्हणजे पाय ओढणं, म्हणजे चेष्टाच की.’ साहेबांचा पाय, त्याचा पाय एकच, माझाच वेगळा!

तुमचंही लिहा.

तिसरं गेट
डबा परत नेलास ते वाचून जीव तुटला बघ. मी पण नवीन नोकरीत असाच रडलोय. बसमध्ये आहे, सविस्तर रात्री.

निपाणीची लेक
कुकर लावून लिहितेय. लेकीच्या गॅदरिंगला नाटकाआधी मैत्रीण म्हणाली, ‘ब्रेक अ लेग!’ सासूबाईंनी ऐकलं, घरी आल्यावर मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. मग मी सांगितलं, रंगमंचावर जाणाऱ्याला सरळ शुभेच्छा दिल्या तर अपशकुन होतो अशी त्यांच्यात समजूत, म्हणून उलटं बोलतात. त्यांना लगेच पटलं. म्हणाल्या, ‘आपण तरी कुठं जाते म्हणतो? येतेच म्हणतो. बांगडी फुटली म्हणत नाही, वाढवली म्हणतो.’ मला इतकी वर्षं हे सुचलं नव्हतं. शिट्टी झाली, आले

खानापूरकर
आमच्या कणकुंबीकडं पाऊस लागला की मुसळधारच. ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ वाचून पोरगा विचारतो, इंग्रजांच्यात कुत्री-मांजरं का पडतात? मी म्हटलं, आपल्यात मुसळं पडतात ते चालतं होय तुला? आज सकाळपासनं थांबला नाही. लाईट पण गेलीय.

तिसरं गेट
@खानापूरकर जांबोटी रस्ता चालू आहे काय? रविवारी यायचंय.

खानापूरकर
चालू आहे, पण दिवसाउजेडी ये.

शाळेतली बाई
‘वन्स इन अ ब्लू मून’ शिकवताना मुलं निळा चंद्र शोधतात. एका इंग्रजी महिन्यात दोन पौर्णिमा आल्या की दुसरीला हे नाव देतात, रंगाशी संबंध नाही. २०२३ च्या ऑगस्टमध्ये तसं झालं होतं. पहिली अधिक श्रावणातली, दुसरी राखीची. वर्गात अधिक मास म्हटल्याबरोबर पोरांचे चेहरे उजळले, कारण घरोघरी जावयाला अनारसे झाले होते! वाक्प्रचाराला मात्र आपला ‘सठीसामाशी’, म्हणजे क्वचित कधीतरी, इतका चपखल बसतो की दुसरं काही शोधू नये. ‘टर्न अ ब्लाइंड आय’ला तसाच ‘कानाडोळा’. डोळा दोन्हीकडं आहेच. हे शब्द मुलांच्या तोंडातून जातायत, त्याचं फार वाईट वाटतं.

निपाणीची लेक
सठीसामाशी! आजी म्हणायची. किती वर्षांनी ऐकलं 🙏

चव्हाट गल्ली
गोकाकच्या दोस्ताकडनं तिथली मिठाई, करदंट, येतो का अजून? 😀

धागाकर्ता
दर दिवाळीला! यंदा तो रिटायर झाला. मराठी ऐकून समजतं त्याला, वाचता येत नाही. रात्री फोनवर हे सगळं वाचून दाखवतो.