एकाच मेलमधे दोन रिसिपियंट, दोघांचं स्पॅम सेटिंग वेगळं, रिजेक्ट कसं करायचं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, सोलापूरला अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मेल सर्व्हर बघतो, पोस्टफिक्स (मेल घेणारं-पाठवणारं सॉफ्टवेअर) आहे आणि त्याला मिल्टर या जोडणीने आरस्पॅमडी हा स्पॅम फिल्टर जोडलाय, तो प्रत्येक मेलला स्पॅमचा स्कोअर देतो. एक्स्पोर्टवाल्यांना फिल्टर ढिला पाहिजे कारण बाहेरच्या नव्या गिऱ्हाइकाची चौकशी कुठल्याही फुकटच्या आयडीवरून येते, ती अडली की ऑर्डर गेली. अकाउंट्सला "आमचं बँक खातं बदललंय" असली खोटी बिलं येतात म्हणून त्यांना कडक पाहिजे. दोघांचंही बरोबरच आहे, पण एकाच मेलमधे दोघं असले की घोळ होतो.

मेल येताना समोरचा सर्व्हर आधी आरसीपीटी टू या कमांडने एकेक रिसिपियंट सांगतो, तिथं प्रत्येकाला वेगळं उत्तर देता येतं पण तेव्हा मजकूरच आलेला नसतो, स्कोअर कशावर काढणार? मजकूर डेटा या कमांडनंतर येतो आणि तिथं सगळ्यांना मिळून एकच उत्तर, 250 (घेतला) नाहीतर 550 (नाकारला). 550 दिलं तर एक्स्पोर्टचाही मेल अडतो. 250 देऊन अकाउंट्सची कॉपी गुपचूप टाकून देणं मला अजिबात पटत नाही, मेल खरा असला तर पाठवणाऱ्याला कधी कळणारच नाही. आणि नंतर बाउन्स (मेल पोचला नाही असं कळवणारा मेल) पाठवावा तर स्पॅमचा पत्ता खोटा असतो, तो भलत्याच माणसाकडं जातो.

दुसऱ्या रिसिपियंटला 452 (आत्ता नाही) देऊन नंतर यायला सांगता येतं म्हणे, पण समोरचा सर्व्हर परत कधी येईल ते त्याच्या हातात, आरएफसी 5321 (एसएमटीपी म्हणजे सर्व्हर-सर्व्हरमधे मेल पाठवायच्या पद्धतीचे नियम) तर निदान 30 मिनिटं थांबा म्हणते, आणि यादीत एक्स्पोर्टचं नाव दुसरं असलं तर उशीर त्यांनाच. एलएमटीपीत (मेल आतल्या मेलबॉक्सपर्यंत पोचवायची तशीच पद्धत) डेटानंतर प्रत्येकाचं वेगळं उत्तर मिळतं पण बाहेरचे सर्व्हर आपल्याशी एसएमटीपीच बोलणार ना. तुम्ही काय करता सांगा की.

उत्तर:
दादा, 452 च्या नादाला लागू नका. दारात रिजेक्ट करायचा स्कोअर सगळ्यात ढिल्या माणसाचा ठेवा, म्हणजे 550 गेलं तर ते सगळ्यांनाच मान्य असतं. त्याखालचं सगळं घ्या, हेडरमधे स्कोअर लिहा आणि डव्हकॉटच्या (मेलबॉक्स सांभाळणारं सॉफ्टवेअर) सीव्ह नियमांनी ज्याच्या त्याच्या सेटिंगप्रमाणे जंकमधे टाका. शिवाय आयपी आणि पाठवणाऱ्याचा पत्ता आरसीपीटीच्या आधीच कळलेला असतो, त्यामुळं ब्लॅकलिस्ट (बदनाम आयपींची यादी), एसपीएफ (त्या डोमेनच्या नावाने मेल पाठवायची या आयपीला परवानगी आहे का) असल्या तपासण्या फक्त अकाउंट्सच्या पत्त्यांना कडक लावता येतात, पोस्टफिक्सचे रिस्ट्रिक्शन क्लास (ठराविक पत्त्यांना वेगळे नियम लावायची सोय) त्यासाठीच आहेत.

धागाकर्ता:
रिस्ट्रिक्शन क्लासचं डोक्यातच आलं नव्हतं, मनापासून आभार. फक्त एक, अकाउंट्समधे कुणी जंक उघडून त्यातल्या खोट्या बिलाचे पैसे भरले तर? त्यांचं जंक साहेबांच्या एकट्याच्या फोल्डरला वळवलं तर चालेल का, कुणी केलंय का असं?