मायोर्काला सायकलिंग: मुक्काम पोलेन्सात की सोयेरला?

एप्रिलच्या मध्यात आम्ही दोघं, मी आणि बायको, आठवडाभर स्पेनच्या मायोर्का बेटावर रोड सायकलिंगला जातोय. व्हिसा, पाल्मापर्यंतचं विमान झालंय, सायकली तिथेच भाड्याने घेणार (बॉक्समध्ये पॅक करून न्यायची हौस नाही), गाडी घेणार नाही. अडलंय ते मुक्कामावर. पोर्त दे पोलेन्सा हे किनाऱ्यावरचं गाव सपाट, फोर्मेन्तोरचं भूशिर जवळ, सायकलवाल्यांची गर्दीही तिथेच. डोंगरांमधल्या सोयेरला राहिलं तर पुइग मेजरचा घाट दारातच, पण मग रोज सकाळी पाय गरम व्हायच्या आधीच चढ. नकाशे, स्ट्राव्हा (सायकलिंगचं अ‍ॅप) सगळं बघून झालं, तरी ठरत नाहीये.

सा कालोब्रा (डोंगरातून समुद्रापर्यंत उतरणारा वळणावळणाचा घाट) करायचाच आहे. तिथे आधी खाली उतरायचं आणि मग तेच साडेनऊ किलोमीटर, सरासरी ७ टक्के, परत चढायचं, आणि दुपारी टुरिस्ट बसेस असतात म्हणे, म्हणून सकाळी लवकर पोचायचंय. मी सिंहगड न थांबता चढतो, बायको मधे थांबत थांबत चढते, उतारावर मात्र ती घाबरते. त्यामुळे डिस्क ब्रेक नक्की, गिअर ३४-३२ (पुढच्या लहान आणि मागच्या मोठ्या चकतीचे दाते) पुरेल की ३४-३४ मागू?

मुक्काम मधे बदलायचा नाहीये. तर पोलेन्साहून डोंगरातल्या ल्युक मठामार्गे सा कालोब्रा करून त्याच दिवशी परत येणं तिला झेपेल, की सोयेरच धरू?