मदत हवी आहे : आईसाठी मुंबई–न्यूयॉर्क थेट विमान की मध्ये थांबा?

नमस्कार. पंचाहत्तरी ओलांडलेल्या माझ्या आईला जानेवारीत मुंबईहून न्यूयॉर्कला बहिणीकडे एकटीने जायचे आहे. अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर असून, जाताना पश्चिमी वारे समोरून येत असल्याने थेट विमानालाही साधारण १६ तास लागतात. परतताना तेच वारे पाठीशी असल्याने वेळ थोडा वाचतो. तिचे गुडघे तासभर दुमडून बसले तरी आखडतात, हीच खरी काळजी आहे. दुबईला थांबा घेतल्यास पाय मोकळे होतील, परंतु एकूण प्रवास लांबेल आणि व्हीलचेअर मिळाली तरी पुन्हा सुरक्षा तपासणीची दगदग आलीच. माझा कल थेट विमानाकडे आहे. ज्येष्ठांना या मार्गाने पाठवलेल्यांनी कृपया अनुभव सांगावा, तसेच पाय लांब करता येतील अशी कडेची जागा आधीच कशी राखून ठेवावी, तेही कळवावे.