मदत हवी आहे : लॅपचे ट्रोकार, ड्रेप, गाऊन – धुऊन वापरावेत की डिस्पोजेबल?

ओटी_घोडबंदर
नमस्कार मंडळी. घोडबंदर रोडला २० खाटांचं हॉस्पिटल, ओटी (ऑपरेशन थिएटर) एकच. पित्ताशय, अपेंडिक्स, हर्निया दुर्बिणीतून (लॅप) होतात, शिवाय सिझेरियन. लॅपच्या दिवशी सलग तीन केस लागतात, हत्यारांचे सेट दोनच आहेत. ऑटोक्लेव (वाफेनं निर्जंतुक करणारं यंत्र) उभा, व्हॅक्यूम नसलेला. सध्या डिस्पोजेबल ट्रोकार (पोटात हत्यारं घालायची नळी) बाहेरून ईटीओ (इथिलीन ऑक्साइड गॅसनं निर्जंतुक) करून पुन्हा वापरतात. तिसऱ्या केसची हत्यारं २० मिनिटं ग्लुटाराल्डिहाइडमध्ये (जंतुनाशक द्रावण) बुडवून घेतात. ड्रेप (पेशंटवर अंथरायची निर्जंतुक चादर) आणि गाऊन सुती. सर्जन म्हणतात सगळंच डिस्पोजेबल करा, मॅडम म्हणतात महिन्याचं बिल कोण भरणार. विक्रेत्याच्या मते ईटीओ केला की एक डिस्पोजेबल ट्रोकार पाच-सहा केस आरामात काढतो. नेमकं कुठे काय घ्यावं?

सीएसएसडी_नेरूळ
विक्रेत्याचं आधी सोडा. खोक्यावर २ हा आकडा आणि त्यावर काट, असं चिन्ह असेल तर वस्तू एकदाच वापरायची. हा निव्वळ कागदी नियम नाही. असा ट्रोकार पूर्ण खोलता येत नाही. झडपेमागे रक्त आणि चरबी सुकते, तिथे ब्रश पोचत नाही, आणि सुकलेल्या थरात ईटीओ नीट शिरत नाही. पाकिटावरची पट्टी मात्र छान रंग बदलते! शिवाय वापरून वापरून सील ढिलं पडतं, पोट फुगवणारा गॅस गळतो, आणि पात्यावर येणारं सुरक्षा-झाकण अडकलं तर पातं पोटात उघडंच राहतं.

त्याहून मोठा धोका ग्लुटाराल्डिहाइडचा. २ टक्के द्रावणात २० मिनिटं म्हणजे हाय लेव्हल डिसइन्फेक्शन, निर्जंतुकीकरण नव्हे. बीजाणू मारायला १० तास लागतात. त्यात हत्यार न खोलता बुडवलं आणि नळाच्या पाण्यानं खळबळलं की क्षयरोगाच्या जंतूंचे चुलतभाऊ, म्हणजे अटिपिकल मायकोबॅक्टेरिया, पोर्टच्या (ट्रोकारच्या छिद्राच्या) जखमेत जातात. टाके सुकलेले असतात, पेशंट घरी गेलेला असतो आणि काही आठवड्यांनी पोर्टजवळ गाठ येते, पाणी वाहतं. नेहमीच्या अँटिबायोटिकनं बरं होत नाही, नुसता पू नेहमीच्या कल्चरला पाठवला तर रिपोर्ट बऱ्याचदा निरंक येतो आणि औषधं महिनोन्‌महिने चालतात. भारतात हा प्रकार पुरेसा नोंदला गेलाय.

तुमचा खरा प्रश्न धुण्याचा की फेकण्याचा हा नाहीच, तिसरा सेट नाही हा आहे. हिशेब करा: खोलणं, एन्झाइम (रक्त-चरबी सोडवणारं द्रावण), ब्रश, अल्ट्रासोनिक (ध्वनिलहरींनी साफ करणारं यंत्र), सुकवणं, पॅकिंग यात पाऊण ते एक तास. पुढे ऑटोक्लेव तापायला, १२१ अंश आणि १५ पौंड दाबावर ३० मिनिटं, मग सुकायला आणि थंड व्हायला, असा दीड तास. पहिल्या केसचा सेट सव्वादोन-अडीच तासांआधी परत येणार नाही, तिसरी केस त्याआधी टेबलावर असते. म्हणून मधे ग्लुटाराल्डिहाइड घुसतं. तिसरा सेट घ्या, स्टीलचे खोलता येणारे ट्रोकार घ्या.

ओटी_घोडबंदर
धन्यवाद. स्टीलच्या ट्रोकारमध्ये काय बघून घ्यायचं? आणि धुण्याचा क्रम?

सीएसएसडी_नेरूळ
झडप हातानं उघडता यावी आणि वॉशर सुटे मिळावेत, एवढं आधी. ५ आणि १० मिमीचे सिलिकॉन वॉशर, रिड्यूसर (मोठ्या पोर्टमधून बारीक हत्यार घालायला) हे जास्तीचे घेऊन ठेवा. केसच्या मध्यावर गॅस गळायला लागला तर बहुतेक वेळा वॉशरच चिरलेला असतो. हातातली हत्यारं (मॅरीलँड, ग्रास्पर हे चिमटे) हँडल, शीथ (बाहेरची नळी) आणि आतली दांडी अशी तीन भागांत सुटणारीच घ्या.

केस संपताच ओटीतच ओल्या कापडानं पुसा, रक्त सुकू देऊ नका. हायपोक्लोराइटमध्ये (ब्लीचचं द्रावण) टाकू नका. ही आपल्याकडची लाडकी सवय स्टीलला खड्डे पाडते. मग पूर्ण खोलून एन्झाइमच्या द्रावणात, बाटलीवर लिहिलेलं प्रमाण आणि वेळ पाळून. नळीतून ब्रश आरपार न्या, तो पाण्याखालीच फिरवा म्हणजे शिंतोडे उडत नाहीत. अल्ट्रासोनिक, आरओच्या पाण्यानं धुणं, नळी हवेनं सुकवणं. झडपा उघड्या ठेवून पॅक करा. तुमच्या ऑटोक्लेवमध्ये व्हॅक्यूम नाही, बंद नळीतली हवा निघाली नाही तर वाफ आत जाणारच नाही.

शीथचं इन्सुलेशन दर वेळी टेस्टरनं तपासा. डोळ्याला न दिसणाऱ्या चिरेतून कॉटरीचा (ऊती जाळणाऱ्या विजेच्या हत्याराचा) करंट कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर आतडं भाजतो. टेलिस्कोपवर (दुर्बिणीवर) ऑटोक्लेवची खूण असेल तरच आत ठेवा आणि गार पाणी ओतून घाईनं थंड करू नका.

लिनन_कळवा
ड्रेपबद्दल मी लिहितो. सर्जनसाहेबांना सांगा, जागतिक आरोग्य संघटनेची २०१६ ची मार्गदर्शक तत्त्वं निर्जंतुक डिस्पोजेबल आणि निर्जंतुक विणलेले, दोन्ही चालतील असं म्हणतात. अट एकच, कापड भिजता कामा नये. सुती ड्रेप भिजला की खालचे जंतू वर चढतात. म्हणून सिझेरियनला पाऊच असलेला डिस्पोजेबल ड्रेप आणि मजबूत बाह्यांचा एसएमएस (तीन थरांच्या न विणलेल्या कापडाचा) गाऊन. हायड्रोसील, छोटा हर्निया अशा कोरड्या केसला दुहेरी सुती ठीक. मधला मार्ग म्हणजे पुन्हा वापरायचे पॉलिएस्टरचे गाऊन. किती धुलाया चालतात ते उत्पादकाकडून लिहून घ्या, प्रत्येक धुलाईला कोपऱ्यातल्या चौकटीत खूण करा. फॅब्रिक सॉफ्टनर आणि ब्लीच बंद. धुऊन आल्यावर लाइट टेबलवर बघा, भोक असेल तर शिवू नका (सुईची भोकं वाढतात), गरम पॅच लावा.

आणि ड्रम कोंबू नका. कापडाचं गाठोडं साधारण ३० × ३० × ५० सेंमी आणि साडेपाच किलोच्या आत.

वाशीकर_५
कचऱ्याची बाजू कुणी लिहिली नाही म्हणून. २०१६ च्या नियमांनुसार रक्ताळलेला डिस्पोजेबल ड्रेप पिवळ्या पिशवीत, म्हणजे भट्टीत. ट्रोकारची प्लास्टिकची नळी लाल पिशवीत, पातं पांढऱ्या डब्यात. ४८ तासांच्या वर साठवता येत नाही. कचरा नेणाऱ्यांशी करार खाटेमागे आहे की किलोमागे ते उघडून बघा. किलोमागे असेल तर सगळं डिस्पोजेबल केल्यावर बिल दोन्हीकडून वाढेल.

ओटी_घोडबंदर
आमच्याकडे टँकरचं पाणी येतं, हीटरवर पांढरा थर बसतो. त्यानं फरक पडतो का? आणि पावसाळ्यात पॅक ओले निघतात.

सीएसएसडी_नेरूळ
पडतो. थर जाड झाला की हीटर जळतो आणि हत्यारांवर डाग येतात. ऑटोक्लेवला आरओ किंवा डीएम (क्षार काढलेलं) पाणीच घाला, ड्रेन आणि सेफ्टी व्हॉल्व्ह साफ ठेवा. ओला पॅक निर्जंतुक धरायचा नाही, पुन्हा करायचा. बाहेर काढल्यावर गार फरशीवर ठेवू नका, रॅकवर हवा लागू द्या. कपाट जमिनीपासून २०-२५ सेंमी वर, बाहेरच्या भिंतीपासून ५ सेंमी लांब. प्रत्येक पॅकच्या आत केमिकल इंडिकेटर (रंग बदलणारी पट्टी), आठवड्यातून एकदा जिओबॅसिलसची बायोलॉजिकल टेस्ट (त्याचे बीजाणू मेले का ते बघायची). पॅकवरची टेप काळी झाली म्हणजे पॅक गरम झाला, इतकंच.

मॅडमना आकडा दाखवताना सेटची किंमत भागिले केसेस, अधिक एन्झाइम, वॉशर, वीज आणि माणसाचा पगार असा मांडा. नुसती सेटची किंमत शेजारी ठेवली तर डिस्पोजेबल नेहमीच स्वस्त वाटतं.