मदत हवी आहे: लेकर्सच्या ट्रॉफ्या 17 धरायच्या की 18?

मंडळी, एनबीएचा (अमेरिकेतली मोठी बास्केटबॉल लीग) जुना इतिहास कोणी नीट वाचलाय का? पहिल्यापासूनच्या सगळ्या विजेत्यांचा तक्ता करायला बसलो आणि 1948 पाशीच गाडी अडलीये.

त्या वर्षी अमेरिकेत दोन लीग चालू होत्या ना, बीएए (बास्केटबॉल असोसिएशन ऑफ अमेरिका) आणि एनबीएल (नॅशनल बास्केटबॉल लीग). स्टार खेळाडू जॉर्ज मायकनची मिनियापोलिस लेकर्स (आजची लॉस एंजेलिस लेकर्स) एनबीएल जिंकली आणि बीएए जिंकली बाल्टिमोर बुलेट्स. आता एनबीएच्या यादीत 1948 समोर नाव कोणाचं तर बाल्टिमोरचं, जी टीम 1954 मध्ये चालू सीझनमध्येच बंद पडली! लेकर्सना त्या वर्षाचं काहीच नाही. ते एक धरलं असतं तर 17 च्या 18 होऊन बोस्टन सेल्टिक्स टीमच्या 2024 पर्यंतच्या आकड्याशी बरोबरी झाली असती (मित्र कट्टर लेकर्सवाला आहे, त्यामुळे वाद किती पेटलाय ते विचारू नका).

मला न पटणारी गोष्ट अशी की ऑगस्ट 1949 मध्ये दोन्ही लीग एकत्र आल्या आणि एनबीए हे नाव तेव्हा पडलं, मग जन्मसाल 1946 कसं? ते तर बीएएचं. एनबीएल तर 1937 पासूनची, फायरस्टोन, गुडइयर असल्या कंपन्यांच्या टीम्स, शेबॉयगन, ऑशकॉशसारखी छोटी गावं. बीएए मोठ्या शहरांतल्या स्टेडियम मालकांची, आणि तिचे प्रेसिडेंट मॉरिस पोडोलॉफच पुढे एनबीएचेही प्रेसिडेंट, म्हणजे माझ्या मते ज्याच्या हातात वही त्याचाच हिशोब. पण गंमत बघा, लेकर्स, पिस्टन्स, किंग्ज, हॉक्स, सिक्सर्स, या पाचही टीम्सचं मूळ एनबीएलमध्येच!

एबीए या नंतरच्या प्रतिस्पर्धी लीगचं पण तेच. 1976 मध्ये तिच्या चार टीम्स एनबीएने आत घेतल्या, रेकॉर्ड मात्र बाहेरच. दोन्ही लीगमध्ये खेळलेल्या ज्युलियस अर्व्हिंगचे दोन्हीकडचे मिळून 30,026 पॉइंट्स, एनबीए धरते 18,364. निम्म्याहून थोडे जास्त, बस्स.

तर विचारायचं हे की 1949 च्या करारात जुन्या रेकॉर्डबद्दल काही लिहिलं होतं का, की ही नंतर पडलेली प्रथा? आणि तक्त्यात 1948 ला दोन्ही नावं टाकली तर चुकीचं दिसेल का? एनबीएल-एबीएसाठी वेगळा कॉलम करायचा विचार आहे, पण मित्र म्हणतो वेगळा कॉलम म्हणजे हरल्याची कबुली. रविवारी तो तक्ता बघायला येतोय, त्याआधी कोणीतरी सांगा प्लीज.